रांग लहान झाली, दार तेवढंच राहिलं

पत्राचा सारांश: 2025 च्या अखेरीस आलेलं, ओहायोतल्या एका मराठी आईचं पत्र आहे. मुलगा 21 वर्षांचा, जन्म अमेरिकेतलाच. मधल्या फळीतल्या एका विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे आपल्या चेंडूवाल्यासाठी समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांत, गार्ड. तिसरं वर्ष चालू आहे, यंदाचा हंगाम संपला, खेळायचं एक वर्ष शिल्लक. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदवीला तीन सेमिस्टर बाकी. आतापर्यंत 14 सामन्यांत पहिल्यापासून मैदानावर होता. समोर तीन वाटा आहेत. एप्रिल 2026 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडीत, नाव द्यायचं. आहे तिथेच राहायचं, विद्यापीठ वर्षाचे 1 लाख 20 हजार डॉलर देतंय. किंवा दक्षिणेतल्या एका बड्या विद्यापीठात जायचं, तिथून 3 लाख 50 हजारांचा निरोप आलाय. एजंट म्हणतो, "पैसे मिळतात म्हणून सगळे कॉलेजातच थांबतायत. ड्राफ्ट पातळ आहे. पाचव्या ते सातव्या फेरीत हा लागणारच." वडिलांना वाटतं, अशी पोकळी पुन्हा मिळायची नाही, आत्ताच उडी घ्यावी. आईला गुडघ्याची धास्ती आहे, आणि शिकत्या मुलाने असे पैसे घेणं मनाला पटत नाही. मुलगा म्हणतो, "तुम्ही ठरवा." आणि साताऱ्याहून आजोबा दर रविवारी फोनवर विचारतात, "पोरगं नोकरीला कधी लागणार?"

ताई,

तुमच्या अख्ख्या पत्रात मला आजोबांचा प्रश्न सगळ्यात कामाचा वाटला. त्यांना सांगा, पोरगं नोकरीलाच आहे. पहाटे उठून वजनं उचलायची, मग वर्ग, मग प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ बघत मीटिंगा, संध्याकाळी सराव, आणि शनिवारी हजारो लोकांसमोर कुणा दुसऱ्यासाठी स्वतःच्या अंगाची भिंत करायची. नोकरी जुनीच आहे, तिला पगार मात्र हल्ली सुरू झाला. पूर्वी फीमाफी, खोली आणि मेसचं जेवण यावर भागायचं.

पैसे घेणं पटत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आधी बोलते. विद्येची आणि पैशाची सोयरीक जुळवताना आपलं मन कचरतं, हे मला माहीत आहे. माझंही कचरायचं. पण नोव्हेंबर 2023 मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या कोचला काढून टाकलं, तेव्हा उरलेल्या करारापोटी त्यांना द्यायची रक्कम सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर होती. तिथे न शिकवण्याचे हे पैसे. त्या दिवसानंतर मैदानावर हाडं मोडून घेणाऱ्या पोरांच्या लाख-सव्वा लाखाबद्दल माझं मन कचरायचं थांबलं. जून 2021 मध्ये अॅलस्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 9 विरुद्ध 0 अशा एकमताने एनसीएएला, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेला, फटकारलं. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, त्यालाच सगळे एनआयएल म्हणतात. आणि जून 2025 मध्ये हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर झाल्यापासून विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, आणि मोठ्या विद्यापीठांत त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो. तेव्हा तुमच्या मुलाला मिळतंय ते बक्षीसही नाही आणि लाचही नाही. मोबदला आहे, मोबदल्यासारखाच मोजून घ्यावा.

आता एजंटाच्या तोंडचं ते "पातळ". अर्धं खरं आहे, म्हणून जास्त जपून ऐकायला हवं.

ज्यांच्या घरात हा खेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्यावसायिक लीगचे 32 संघ दर एप्रिलला सात फेऱ्यांत कॉलेजची पोरं निवडतात. 2025 मध्ये अशा 257 निवडी झाल्या. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी उरलेल्या चार. शाळा सोडून तीन वर्षं झाली की नाव देता येतं. पूर्वी पाचव्या-सहाव्या फेरीच्या लायकीचा पोरगाही तिसऱ्या वर्षी नाव द्यायचा, कारण कॉलेजात थांबून गुडघा पणाला लावण्यापलीकडे काही हाती लागत नव्हतं. आता थांबण्याचे पैसे मिळतात. त्यामुळे कॉलेजात खेळायची पात्रता शिल्लक असताना लवकर नाव देणारे 2021 मध्ये 125 हून अधिक होते, ते 2024 मध्ये 60 च्याही खाली आले. गुरुवारचं गणित मात्र बदललं नाही. 2025 मध्ये पहिला निवडला गेलेला कॅम वॉर्ड चार वर्षांच्या सुमारे 4 कोटी 87 लाख डॉलरवर गेला, एवढं कोणतं कॉलेज देणार? ओसरला तो शनिवार. एजंट म्हणतो ते खरं आहे ते इथपर्यंत.

पण पाणी आटलंय की वर कुठे अडवलंय, हे बघायला नको का? जो पोरगा गेल्या वर्षी थांबला तो यंदा येतो, यंदा थांबला तो पुढच्या वर्षी. सगळेच एकेक वर्ष उशिरा आले, तर पहिल्या वर्षी पात्र कोरडं दिसतं आणि मग पाणी पुन्हा वाहू लागतं, फक्त येणारे वयाने मोठे असतात. त्यात कोविडची भर पडली. 2020 चा हंगाम कुणाच्याच पात्रतेत धरला नाही, त्यामुळे कित्येक जण 24-25 वर्षांचे होईपर्यंत कॉलेजात खेळले. ती फौज आता जवळपास संपली. दुसरीकडे व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, डिएगो पाविया कोर्टात गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याला आणखी एक वर्ष मिळालं, विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातली वर्षं मोजू नयेत या मुद्द्यावर. पाठोपाठ एनसीएएने तशाच इतरांनाही पुढच्या हंगामापुरती सूट दिली. धरणाची दारं आता न्यायाधीशांच्या हातात आहेत, आणि ती कधी किती उघडतील यावर पोराचं आयुष्य बेतू नये. "पोकळी पुन्हा मिळायची नाही" हे तुमच्या यजमानांचं म्हणणं म्हणूनच मला घाईचं वाटतं.

बरं, पोकळी आहे असंच धरू. सातव्या फेरीचा पोरगा त्यामुळे सहाव्यात गेला, समजा. पुढे काय?

पुढे ऑगस्ट. एप्रिलच्या शनिवारी टीव्हीवर नाव झळकतं, पेढे वाटले जातात. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे 90 जण असतात आणि ऑगस्टअखेर त्यातले 53 ठेवतात. 32 संघ, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये 1,696 जागा. त्या कॉलेजच्या पोरांसाठी राखून ठेवलेल्या नसतात. तिथे चार-सहा वर्षं मुरलेले, मुलंबाळं असलेले बाप्ये बसलेले असतात, आणि तुमच्या मुलाची खरी झुंज त्यांच्याशी आहे. ड्राफ्टची रांग लहान झाली म्हणून त्या बाप्यांपैकी एकही उठून जात नाही.

आमच्या शेजारणीचा मुलगा असाच एका संघाच्या उन्हाळी शिबिरात होता. शेवटच्या कपातीच्या सकाळी त्याला फोन आला, "कोचकडे जा, टॅबलेट घेऊन जा." त्या टॅबलेटमध्ये संघाचे सगळे डावपेच असतात, तो परत मागितला की समजायचं. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा हातात कचऱ्याची काळी पिशवी होती, आत तीन जोड बूट आणि मनगटाच्या पट्ट्या. पिशवी गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनशेजारी महिनाभर तशीच पडून होती. शेजारीण रोज तिच्या बाजूने वाकून कपडे काढायची, पण पिशवीला हात लावायची नाही. पोरगा उत्तम खेळायचा हो. त्याच्या जागेवर दोघं आधीच होते, इतकंच.

म्हणून पैशांची तुलना फेरीवरून करू नका, सप्टेंबरात तो कुठे असेल यावरून करा. 53 मध्ये टिकला तर 2026 चं नवख्याचं किमान वेतन 8 लाख 85 हजार डॉलर आहे. त्यापुढे कॉलेजचे आकडे फिके. पण ते हंगामाच्या 18 आठवड्यांत विभागून मिळतं, आठवड्याला साधारण 49 हजार, आणि शेवटच्या फेऱ्यांतल्या खेळाडूला त्याची हमी नसते. तिसऱ्या आठवड्यात काढलं तर तिसऱ्या आठवड्यापर्यंतचेच. हमीचा असतो तो सहीचा बोनस, सातव्या फेरीत तो लाखभर डॉलरच्या आसपास. 53 मध्ये नाही बसला आणि प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव चमूत, घेतला, तर 2025 चा दर आठवड्याला 13 हजार होता. पूर्ण 18 आठवडे टिकला तर 2 लाख 34 हजार. दक्षिणेतल्या विद्यापीठाचा निरोप याहून मोठा आहे! पाच वर्षांपूर्वी हे वाक्य लिहिलं असतं तर संपादकांनी मला वेड्यात काढलं असतं.

यावर तुमचे यजमान ब्रॉक पर्डीचं उदाहरण देतील, कारण सगळे बाबा देतात. 2022 मध्ये 262 वा, म्हणजे सगळ्यात शेवटचा निवडलेला खेळाडू, आणि 2025 मध्ये 26 कोटी 50 लाखांचा करार. खरं आहे. पण त्याच्यासारखे शेवटून आलेले बाकीचे कोण कोण, हे पटकन आठवून सांगा म्हणावं. त्यापेक्षा कॅम वॉर्डचा आधीचा भाग बघा. जानेवारी 2024 मध्ये त्याने ड्राफ्टला नाव दिलं, दोन आठवड्यांच्या आत मागे घेतलं, मायामी विद्यापीठात गेला, एक हंगाम खेळला आणि पुढच्या एप्रिलला सगळ्यांत पहिला उचलला गेला. उलट टेक्ससचा क्विन युअर्स. दुसऱ्या विद्यापीठात गेला असता तर लाखो डॉलर मिळाले असते अशा बातम्या असताना त्याने नाव दिलं आणि सातव्या फेरीत 231 वा निवडला गेला. तो चुकला असं मी म्हणणार नाही, त्याला अजून वेळ आहे. शिवाय हे सगळे क्वार्टरबॅक. लाइनमनचं जग वेगळं, तिथे मला जास्त रस आहे.

सामन्याच्या दिवशी संघ सात-आठच लाइनमन कपडे घालून तयार ठेवतो. पाच खेळतात, उरलेल्या दोघा-तिघांना सगळ्या जागा सांभाळायच्या असतात. त्यामुळे राखीव गार्डला सेंटरही खेळता आलं पाहिजे, चेंडू मागे देता आला पाहिजे. ज्याला नुसतं गार्ड येतं तो ऑगस्टात गळतो. तुमच्या मुलाने कधी सेंटर खेळलंय का? पत्रात उल्लेख नाही. खेळला नसेल, तर उरलेल्या एका वर्षाची सगळ्यात मोठी कमाई तीच असेल असं माझं मत आहे, आणि ती कुठल्याच निरोपात लिहिलेली नसते. 14 सामने म्हणजे लाइनमनसाठी थोडकेच. ते 26 झाले, त्यातले निम्मे सेंटर म्हणून झाले, तर 2027 च्या ड्राफ्टला तो 22 वर्षांचा असताना उतरेल. चोविशीतल्या पोरांच्या घोळक्यात ते वय तरुणच.

तरी माझ्या मतावर थांबू नका. एनएफएलची एक सल्लागार समिती आहे. लवकर उतरू पाहणाऱ्या खेळाडूला ती विद्यापीठामार्फत फुकट अभिप्राय देते. अभिप्राय तीनच प्रकारचे: पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा कॉलेजात राहा. तुमच्या एजंटाने हा कागद मागवला का? मागवला नसेल तर मुलाने आजच कोचला सांगून मागवावा. समितीला याच्यातून टक्केवारी मिळत नाही. एजंटाला मिळते. व्यावसायिक करारावर खेळाडू संघटनेने तीन टक्क्यांची कमाल घातलीय. कॉलेजच्या पैशांना ती लागू नाही, तिथे दहा-वीस टक्के मागणारेही भेटतात. म्हणजे एक माणूस "ड्राफ्टला चल" म्हणेल, दुसरा "दक्षिणेत चल" म्हणेल, आणि दोघांचीही चूल तुमच्या मुलाच्या निर्णयावर पेटणार. त्यात वाईट काही नाही, फक्त कोणाची चूल कुठे आहे हे बघून ऐकावं. आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या कचेरीत, दाखवा. व्यावसायिक करारासाठी एजंट नेमला तर कॉलेजची उरलेली पात्रता जाऊ शकते.

आता दक्षिणेची वाट. 3 लाख 50 हजार हा अजून निरोप आहे, करार नव्हे. पैसे कोण देणार, विद्यापीठ की बाहेरची एखादी कंपनी? बाहेरची असेल तर 600 डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक व्यवहार आता कॉलेज स्पोर्ट्स कमिशनच्या एनआयएल गो या यंत्रणेतून तपासला जातो, आणि तिथे तो अडकूही शकतो. महिन्याच्या महिन्याला की हंगामानंतर? जायबंदी झाला तर? मधेच सोडला तर परतफेड किती? शिवाय ज्याचा पत्रात उल्लेखच नाही ते क्रेडिट. तीन सेमिस्टर बाकी असताना इंजिनिअरिंगचा विद्यार्थी विद्यापीठ बदलतो तेव्हा काही विषय नव्या ठिकाणी चालत नाहीत, आणि स्वतःची पदवी देण्याआधी बहुतेक विद्यापीठं ठरावीक क्रेडिट आपल्याकडेच करायला लावतात. तीनाची चार-पाच सेमिस्टर कधी होतील कळणार नाही. उलट आहे तिथे राहून उन्हाळ्यात दोन-तीन विषय उरकले, तर ड्राफ्टच्या वेळी पदवी हाताशी आलेली असेल.

मला विचाराल तर समितीने "राहा" म्हटलं की आहे तिथे राहावं, आणि कोचशी पैशांइतकंच सेंटरबद्दल बोलावं. 1 लाख 20 हजारही पुन्हा बोलून बघा. दुसरीकडून निरोप आहे हे त्यांना कळलेलंच असतं. दोन गोष्टी घडल्या तर मात्र मी मत बदलेन. त्याचा लाइन कोच डिसेंबरच्या सोडून जाण्याच्या हंगामात दुसरीकडे गेला तर, किंवा दक्षिणेतला कोच सेंटरची जागा डोळ्यांत डोळे घालून देत असेल तर. बड्या विद्यापीठात 105 जणांचा संघ असतो, त्यात तो बाकावर बसला तर पैसे मिळतील आणि सामने 14 चे 14 च राहतील.

गुडघ्याची भीती तिन्ही वाटांवर आहे, ती मी काढून टाकू शकत नाही. पण गुडघा कुठे गेला तर काय उरतं हे तपासता येतं. कॉलेजात निदान पदवी चालू राहते. व्यावसायिक संघाच्या ऑगस्ट शिबिरात शेवटच्या फेरीचा मुलगा जायबंदी झाला की हिशोब करून मोकळा करतात. नोत्र दाम विद्यापीठाचा जेलन स्मिथ 2016 च्या फिएस्टा बोल या सामन्यात गुडघा मोडून पहिल्या फेरीतून दुसरीत, 34 व्या जागी घसरला, तेव्हा त्याच्याकडे किंमत घसरल्याचा विमा होता. तसा विमा वरच्या फेऱ्यांतल्या मुलांनाच मिळतो, तुमच्या मुलाने त्या मागे लागू नये. कायमच्या अपंगत्वाचा साधा विमा मात्र घ्यावा, हप्ता विद्यापीठ भरेल का तेही विचारावं.

अशाच बेतात असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. या पैशांवर बहुधा कर कापून येत नाही. दर तिमाहीला अंदाजाने स्वतः भरायचा असतो, आणि स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के वेगळा. एप्रिलमध्ये कराचा हिशोब करताना रडणारी घरं मी पाहिली आहेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: मुलाचा जन्म इथला नसेल आणि तो एच-4 किंवा एफ-1 व्हिसावर असेल, तर एक डॉलर घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. शेजारच्या मुलाने घेतले म्हणून आपल्याला चालतात असं नसतं. चूक झाली तर खेळ बाजूला राहून मुक्कामच धोक्यात येतो.

राहता राहिलं ते "तुम्ही ठरवा". 21 वर्षांचा, तीनशे पौंडांचा मुलगा असं म्हणतो तेव्हा मला शंका येते की त्याने ठरवलंय आणि बाबांना सांगायचं कसं हे त्याला सुचत नाहीये. तुमच्या पत्रात त्याचं हे एकच वाक्य आहे. बाकी वाक्यं एजंटाची, वडिलांची, तुमची आणि आजोबांची. त्याला "ड्राफ्ट की कॉलेज" असं विचारू नका. पुढच्या सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी तू कुठे उठलेला असशील, ते सांग म्हणावं. मंगळवारच सांगायला लावा, शनिवार-रविवार सगळ्यांनाच आवडतो.

विद्यापीठ बदलण्याची मुदत 2 ते 16 जानेवारी 2026 आहे, ड्राफ्टला नाव द्यायची मुदतही जानेवारीच्या मध्यावर संपते. म्हणजे हे बोलणं नाताळच्या सुट्टीतच व्हायला हवं. जेवणं झाली की बसा, आणि टीव्ही आधी बंद करा. हंगामअखेरचे बोल गेम चालू असतील, तुमचे यजमान अर्ध्या वाक्यात तिकडे बघतील.